जबड्याची मध्यरेषा ओलांडलेली सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी): नुसतं एन्युक्लिएशन (ती अख्खी सोलून काढणं) पुरेल का?

नवसर्जन:
वय 48. खालच्या जबड्यात उजव्या सुळ्यापासून डाव्या पहिल्या उपदाढेपर्यंत एक्स-रेत तीन कप्प्यांची काळी सावली. दात सगळे व्हायटल (नस जिवंत). ओठाकडचं हाड दाबलं की टरफलासारखं कुरकुरतं. सुईत पिवळसर पातळ द्रव आला. बायोप्सीचा रिपोर्ट: ‘ओडोंटोजेनिक (दात घडवणाऱ्या ऊतींतून आलेली) सिस्ट, प्रकार अनिश्चित’. सरळ काढून टाकू का?

स्लाइडवाला:
थांबा. जागा, कप्पे, वय सगळं ग्लँड्युलर (ग्रंथीसारख्या अस्तराच्या) ओडोंटोजेनिक सिस्टकडे बोट दाखवतंय. तिच्या खुणा, म्हणजे म्युकस पेशी, वरच्या थरातल्या हॉबनेल (खिळ्याच्या डोक्यासारख्या वर आलेल्या) पेशी, अस्तरातल्या इवल्या नळ्या, भिंतीवर तुकड्यातुकड्यांत असतात. मधलं अस्तर अगदी साधं. तुमचा तुकडा बहुधा तिथलाच. त्याच ब्लॉकचे खोलवर आणखी काप मागवा, म्युसिकार्मिन (म्युकस दाखवणारा रंग) लावून घ्या. खरी धास्ती सेंट्रल म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमाची, म्हणजे जबड्याच्या हाडातच उगवणाऱ्या, अशाच दिसणाऱ्या कर्करोगाची. शंका उरली तर एमएएमएल2 या जनुकातला बदल तपासा. पॉझिटिव्ह आलं तर पारडं कार्सिनोमाकडे झुकतं, पण निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही. पूर्ण नमुना 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, नमुन्याच्या दहापट द्रवात पाठवा.

मुखशल्य:
आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन). जिभेकडचं हाड फुटलंय का, ते ओपीजीत (अख्ख्या जबड्याच्या सपाट एक्स-रेत) कळत नाही. ग्लँड्युलर ठरली तर नुसती खरवडून भागत नाही, ही परत येते. अस्तर निघाल्यावर पोकळीला मिथिलिन ब्लू हा निळा रंग लावा आणि मोठ्या गोल बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने), सलाइन सोडत, निळं दिसेल तेवढं 1-2 मिमी हाड घासा. निळा डाग उरला, म्हणजे तिथे बर पोचलाच नाही. तो हमखास मुळांच्या मागे उरतो. दात वाचवायच्या हट्टात अस्तर तिथेच राहतं, म्हणून पोकळीत उघडी पडलेली मुळं असतील तर त्या दातांचा निर्णय आधीच रुग्णाशी बोलून घ्या. हाड फुटून अस्तर म्युकोसाला (तोंडाच्या आतल्या त्वचेला) चिकटलं असेल, तर तेवढा म्युकोसाही काढायचा.

नवसर्जन:
कार्नॉय (उरलेलं अस्तर जाळणारं द्रावण) वापरू का?

मुखशल्य:
मूळ द्रावण: अल्कोहोल 60 मिली, क्लोरोफॉर्म 30, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड 10, फेरिक क्लोराइड 1 ग्रॅम; साधारण तीन मिनिटं. त्याचा अनुभव मुख्यतः केराटोसिस्ट या जबड्याच्या दुसऱ्या सिस्टचा आहे. इथे डाव्या उपदाढेखाली मेंटल नर्व्ह (खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस) आहे, ती भाजली तर ओठ बधिर. मी बरवरच थांबेन.

स्लाइडवाला:
फॉलोअप वर्षभरात बंद करू नका. पुनरुद्भव कित्येकदा तीन-चार वर्षांनी दिसतो. पहिली पाच वर्षं दरवर्षी एक्स-रे, नंतरही अधूनमधून.