खरजेला हळद-कडुलिंब पुरतो का?

मिरजकर_बाळू: ऊसतोडीच्या फडावरच्या टोळ्यांत खरूज बोकाळलीय. एका कोपीत एका गोधडीखाली चार पोरं. दवाखान्यात जायचं तर खाडा, आणि मलमाची एक ट्यूब एकालाच पुरते. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का, मिळाला त्याचं कौतुक, पण हीच हळद कडुलिंबाच्या पाल्यात वाटून लावा म्हटलं की शिकलेले नाकं मुरडतात. तमिळनाडूत ८१४ जणांना हाच लेप दिला होता. ३ ते १५ दिवसांत ९७ टक्के बरे. १९९२ ला छापून आलंय.

कराडची_सिस्टर: बाळूदादा, वाचलंय ते. पण शेजारी मलम लावलेला दुसरा गट नव्हता, मग तुलना कशाशी करायची? खरजेच्या किडीची मादी कातडीत बोगदा करून रोज दोन-तीन अंडी घालते. पाच टक्के पर्मेथ्रिनचं, म्हणजे कीड मारणाऱ्या औषधाचं, मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर ठेवायचं, आठवड्याने परत. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, काही सोडायचं नाही. लोक खाजतं तेवढ्यालाच लावतात. आणि घरात सगळ्यांनी एकाच रात्री! पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायलाच ४ ते ६ आठवडे जातात, तोवर न खाजणाराच वाटत फिरतो.

खटावचा_मेंढका: आम्ही मेंढरांना करंजाचं तेल चोळतो. माणसाला का नको?

कराडची_सिस्टर: चोळा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सीताफळाच्या बियांची पूड तेवढी लांब ठेवा, डोळ्यात गेली तर डोळा जायची भीती.

मिरजकर_बाळू: तान्ह्याला तुम्हीच गंधकाचं मलम देता ना? ते चालतं, मग पाल्यानं काय घोडं मारलंय?

कराडची_सिस्टर: गंधकाचं प्रमाण ठरलेलं असतं. पाट्यावर एक बाई मूठभर पाला घेते, दुसरी ओंजळभर. पोर हात चोखतं, ते वेगळंच. तरी पाला परवडला. दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब त्याहून वाईट, खाज दबते आणि किडा आत मजेत.

वाळवा_७७: कपड्यांचं काय?

कराडची_सिस्टर: कढत पाण्यात धुवा. गोधड्या धुणं होत नसेल तर पोत्यात तोंड बांधून आठवडाभर ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसच जगतो.

मिरजकर_बाळू: थंडीत गोधडी आठवडाभर पोत्यात? बरं, सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं म्हणता. गाडी भरायला रात्री दोनला उठवतात, ताई. मुकादमाशी बोलणार कोण?