जुन्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लीक, फक्त गॅस्केट बदलून भागेल का?

प्रश्न: काजळीवाला
मंडळी, गाडी पेट्रोल, 4 सिलिंडर, बरीच जुनी. थंड इंजिन स्टार्ट केलं की टिकटिक टिकटिक सुरू होतं, रेस दिली की वाढतं आणि गाडी तापली की जवळपास गायब. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) असतील म्हणून ते सेट करून घेतले, काही फरक नाही. आता मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरमधला धूर एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) उष्णता अडवणारा पत्रा, हीट शील्ड, काढून बघितलं तर शेवटच्या सिलिंडरच्या पोर्टपाशी (धूर बाहेर पडायच्या भोकापाशी) काळी काजळी पसरलीये, आणि नट इतके गंजलेत की पाना धरतच नाही. एक मेकॅनिक म्हणतो गॅस्केट (जॉइंटमध्ये बसणारी सीलची पट्टी) टाकू, विषय संपला. दुसरा म्हणतो अख्खा मॅनिफोल्ड बदला. घरीच करायचा विचार आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत. काय करू?

उत्तर: पाना_बारा_तेरा
गरम झाल्यावर आवाज जातो आणि टॅपेट सेट करूनही फरक नाही म्हणजे बहुतेक लीकच आहे, धातू फुगतो आणि फट बंद होते. काजळी दिसतेय म्हणजे जागा पण सापडली. तरी खात्री करायची तर इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरचं ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडाला लावून हवा सोड आणि जॉइंटवर साबणाचं पाणी मार, बुडबुडे येतील तिथेच फट. मॅनिफोल्डवर चीर आहे का ते पण याच वेळी नीट बघ, चीर असली तर नुसतं गॅस्केट टाकून काहीच होणार नाही.

उत्तर: गॅरेजातला_दादा
भावा, गॅस्केट हे यातलं सगळ्यात सोपं काम, खरी लढाई स्टडची (मॅनिफोल्ड इंजिनच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, धरून ठेवणारे आट्यांचे दांडे). हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल आणि मॅनिफोल्ड बिडाचा (कास्ट आयर्नचा), तर अ‍ॅल्युमिनियम आणि बीड वेगवेगळं फुगतं, म्हणून दर वेळी तापून गार होताना दोन्ही टोकांचे स्टड जास्त ओढले जातात आणि तेच आधी तुटतात. तुझा लीक पण टोकालाच आहे बघ. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेव, सकाळी परत मार. 6 कोनी सॉकेट घे, 12 कोनी अजिबात नको, उरलेल्या कडा पण जातील. नट आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलव, कट्ट असा आवाज आला की गंज सुटला, मग थोडा ढिला थोडा घट्ट असं पुढेमागे करत काढ. जोर लावून एका दमात फिरवायला जाशील तर स्टड हेडच्या आत तुटेल. तुटलाच आणि थोडा बाहेर राहिला तर वर नट ठेवून आतून वेल्ड करायचा, वेल्डच्या उष्णतेनेच गंज सुटतो, बऱ्याचदा हाताने फिरतो. स्टड एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला स्टड काढायचं हत्यार) आत मोडला तर मात्र वाट लागते, तो इतका कडक असतो की साध्या ड्रिलने कापतच नाही, त्यामुळे ते काम मशीन शॉपला दे.

मॅनिफोल्ड निघाला की फेसवर (जोडायच्या सपाट बाजूवर) सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघ, हेडचा फेस पण तसाच तपास. वाकलेला असेल तर नवीन गॅस्केट काही दिवसांत परत फुंकेल, लोक इथेच फसतात आणि गॅस्केटला शिव्या देतात. किती वाकलेला चालतो ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, त्यापेक्षा जास्त निघाला तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट) करून घे.

काजळीवाला
दादा लय भारी समजावलंत. चीर निघाली तर वेल्डिंग चालेल का? आणि ती एक्झॉस्ट पुट्टी मिळते ती?

उत्तर: गॅरेजातला_दादा
पुट्टी तात्पुरती, गाडी गॅरेजपर्यंत न्यायला ठीक. बीड वेल्ड होतं पण आधी सगळा पीस तापवून, निकेल रॉडने, आणि नंतर सावकाश गार करून, नाहीतर वेल्डच्या शेजारी नवीन चीर पडते. हे ज्याला जमतं त्याच्याकडेच दे, नाहीतर चांगला जुना मॅनिफोल्ड शोध. बसवताना स्टड आणि नट नवीनच घे, मधून सुरुवात करून टोकांकडे टाइट कर, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. गॅस्केटला सिलिकॉन लावू नकोस, जळून जातं.

उत्तर: पाना_बारा_तेरा
एक राहिलं, ऑक्सिजन सेन्सर लीकच्या पुढे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला असेल तर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उगाच पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर हे कारण असू शकतं. आणि काम होईपर्यंत बंद काचांत गाडी आयडलवर ठेवून बसू नकोस रे, प्लीज. इंजिन बेमधला (बॉनेटखालचा) धूर गाडीच्या एसी-हीटरच्या ब्लोअरमधून आत येऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखायला लागलं तर लगेच इंजिन बंद करून बाहेर ये.