खोल समुद्रासाठी जुनी, लांब कीलचीच बोट हवी का?

उलटवारा: पहिलीच शिडाची बोट शोधणाऱ्या एका सभासदाला या मंचावरील ज्येष्ठांनी दिलेला सल्ला असा आहे: ‘महासागर ओलांडायचा असेल तर जुन्या आराखड्याची, लांब कीलचीच बोट घ्यावी, फिन कीलच्या बोटी बंदरात मिरवण्यापुरत्या असतात.’ (कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा वजनदार कणा. लांब कील जवळजवळ तळभर जाते, फिन कील माशाच्या परासारखी आखूड असते.) हे विधान इतक्या ठामपणे केले आहे की त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधील सागरी शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला, आणि हलक्या, रुंद बोटींविषयी तेव्हा जो संशय निर्माण झाला तो रास्तच होता. परंतु त्याच शर्यतीत सर्वांत लहान बोटींच्या गटातून शेवटपर्यंत पोहोचलेली एकमेव बोट ‘असेंट’ ही काँटेसा ३२ या आराखड्याची होती, आणि काँटेसा ३२ ला फिन कील व स्केगवर, म्हणजे तळाच्या मागच्या भागातील आधाराच्या लहान पंखावर, बसवलेले सुकाणू असते, हे ज्येष्ठांपैकी कोणीच सांगत नाही. तिचे बळ अरुंद बांध्यात आणि खोलवर ठेवलेल्या वजनात आहे. कीलच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. त्यानंतर साउदॅम्प्टन येथे लहान प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या, तेव्हा बोटीच्या लांबीच्या सुमारे ६०% उंचीची फुटणारी लाट आडवी आली असता कोणताही बांधा टिकला नाही. ३२ फुटी बोटीसाठी ही लाट जेमतेम सहा मीटरची होते.

कणाधारी: आपण एक काँटेसा पुढे करून संपूर्ण परंपरा मोडीत काढलीत, त्याबद्दल अभिनंदन. १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत नऊ जण निघाले आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटेच ती पूर्ण करून परतले, ते मुंबईत सागवानात बांधलेल्या लांब कीलच्या ३२ फुटी ‘सुहैली’तून, ३१२ दिवसांनी. वाटेत त्यांचे स्वयंचलित सुकाणू निकामी झाले, तरीही केवळ शिडांचा तोल साधून बोट आपली दिशा धरून राहिली. असे आपल्या फिन कीलच्या बोटीत करून दाखवा. ऑटोपायलटची वीज गेली की सुकाण्यावर रात्रभर जागणे आले. १९९१ च्या हॅलोवीन वादळात खलाशांनी सोडून दिलेली ‘सटोरी’ ही वेस्टसेल ३२ आराखड्याची लांब कीलची बोट पुढे अमेरिकेच्या किनाऱ्यावर वाळूत जवळजवळ शाबूत सापडली. माणसे थकली, बोट थकली नाही.

उलटवारा: २०१८ च्या गोल्डन ग्लोबमध्ये लांब कील बंधनकारक होती, सुकाणूही कीललाच जोडलेले असावे असा नियम होता, आणि तरीही १८ पैकी पाचच बोटी शर्यत पूर्ण करू शकल्या. भारतीय नाविक अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ तर ‘सुहैली’चीच प्रतिकृती होती. दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झालेल्या टॉमींना तेथून सोडवून आणावे लागले. कीलने कोणते संरक्षण दिले, ते सांगाल का?

कणाधारी: ज्या पाच बोटी पोहोचल्या, त्यांची कील काय आखूड होती? आणि त्याच टॉमींनी पुढच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, तोही लांब कीलच्या रस्टलर ३६ मधून. ते सोयीस्करपणे गाळलेत.

धक्क्यावरची: आपण सर्व जण दक्षिण महासागराविषयी बोलता आहात, पण बोट मरिनातून बाहेर काढायची असते याचा कोणालाच पत्ता दिसत नाही. आमची लांब कीलची बोट मागे घेताना तिच्या पिछाडीचा रोख कोणत्या दिशेला जाईल हे ती स्वतः ठरवते. उजव्या फिरकीचा पंखा (प्रोपेलर) उलटा फिरला की पिछाडी डावीकडे ओढली जाते, आणि सुकाण्यावरून पुरेसे पाणी वाहत नसल्यामुळे ते फिरवून काहीही उपयोग होत नाही. शेजारच्या बोटीचा मालक मला पाहताच फेंडर (धक्का सोसणारी फुगीर गादी) घेऊन उभा राहतो.

कणाधारी: ताई, हा दोष बोटीचा नसून सवयीचा आहे. दोर धक्क्याला बांधून त्यावर बोट वळवायला शिका. पुढे जाण्याचा जोरदार झटका दिला की पंख्याचे पाणी सुकाण्यावर आदळते आणि बोट जागच्या जागी वळते.

धक्क्यावरची: ‘शिका’ हा शब्द आपण पुरुष सभासदांसाठीही वापरता का, हे जाणून घ्यायला आवडेल. माझ्या नवऱ्याने त्याच दोराच्या पद्धतीने आमची पुढची रेलिंग धक्क्याच्या खांबाला अर्पण केली. बाजूचा वारा असला आणि मागे जागा नसली की आपला झटका तत्त्वज्ञानापुरताच उरतो.

शिडाळ: बाऊ थ्रस्टर, म्हणजे नाळ बाजूला ढकलणारा आडवा विजेचा पंखा, बसवा आणि विषय संपवा.

कणाधारी: ज्या बांध्याने दशकानुदशके समुद्र सोसला, त्याच्या नाळेत पाण्याखाली आरपार भोक पाडायचे, पुढच्या टोकाला बॅटरीचे वजन वाढवायचे, आणि हे सर्व बोट लावतानाच्या काही मिनिटांसाठी? यापेक्षा फिन कीलची बोट घेतलेली बरी.

उलटवारा: हे वाक्य मी जपून ठेवत आहे.

गंजशोधक: मी उपजीविकेसाठी जुन्या बोटी तपासतो, म्हणून एक कंटाळवाणी गोष्ट सांगतो. खरेदीदार कीलच्या आकारावर तासभर बोलतात आणि चेनप्लेट (डोलकाठीचे ताण बांधायची धातूची पट्टी) डेकमधून जिथे खाली उतरते, तिथे टॉर्च घेऊन पाहतही नाहीत. स्टेनलेस स्टील हवेशिवाय ओल्या फटीत राहिले की आतून गंजत जाते, वरून मात्र चकचकीत दिसते. डेकच्या दोन थरांमधले बाल्सा लाकूड कुजलेले असते, इंजिनाखालची इंधनाची टाकी इंजिन उचलल्याशिवाय निघत नाही. आणि ‘या बोटीला कीलबोल्टच (कील तळाला जोडणारे बोल्ट) नाहीत’ असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा मी विचारतो की फायबरग्लासच्या आत बंद केलेले वजन शिशाचे आहे की लोखंडाचे. कधीकाळी खडकावर आपटून आत पाणी शिरले असेल, तर लोखंड गंजून फुगते आणि कील आतून फाटते.

कणाधारी: कीलबोल्टच्या बोटींचे काय होते ते २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ने दाखवले, अटलांटिकमध्ये कीलच गळून पडली आणि चार जण गेले. गंजलेली चेनप्लेट बदलता येते.

गंजशोधक: बदलता येते, हे मान्य. फक्त चेनप्लेट, रिगिंग (डोलकाठीचे ताण व दोर), टाकी, डेक आणि इंजिन बदलल्यावर त्या ‘स्वस्त’ जुन्या बोटीचा एकूण खर्च मांडून पाहावा. त्या पैशांत पुष्कळ लोकांना बरी, तुलनेने नवी, फिन कील व स्केगची बोट मिळाली असती आणि दुरुस्तीत घालवलेले उन्हाळे समुद्रावर गेले असते.

कणाधारी: स्केग असेल आणि बांधा अरुंद असेल, तर फिन कीलची बोट मी सहन करू शकतो. एवढे लिहून घ्या. मोकळ्या लटकत्या सुकाण्याची मात्र नाही. जिब्राल्टरजवळ २०२० पासून ओर्का (किलर व्हेल) तीच सुकाणी मोडत आहेत.

धक्क्यावरची: म्हणजे ओर्कांनाही आपले मत पटलेले दिसते. आमची बोट विक्रीला आहे. कील लांब आहे, वजन शिशाचे आहे, चेनप्लेट नव्या आहेत. फक्त ती मागे कशी न्यायची ते मात्र खरेदीदाराने आमच्या धक्क्यावर येऊन स्वतः दाखवायचे आहे, कणाधारी साहेब.