संत्रा-लिंबाचे सरबत दोन-तीन तासांत कडू का होते?

चैत्रांगण (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. आमच्या घरी दरवर्षी चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते आणि त्यात आंब्याची डाळ व पन्हे ठरलेले असते. गेल्या वर्षी मात्र हळदीकुंकू लवकर उरकायचे होते. मनासारख्या कैऱ्या बाजारात आल्या नव्हत्या आणि मृग बहराची संत्री अजून भरपूर मिळत होती, म्हणून पन्ह्याऐवजी संत्र्याच्या रसात लिंबू पिळून सरबत करावे, असे मी ठरवले. दुपारी दोन वाजता तीस संत्री सोलली, फोडी तशाच मिक्सरमध्ये फिरवून रस गाळला आणि त्यात लिंबाचा रस, साखर, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड घातली. त्या वेळी चव इतकी सुरेख होती की चाखता चाखता एक पेला मीच संपवला. फ्रिजमध्ये जागा नसल्यामुळे पातेले झाकून माठाशेजारी ठेवले. पाचच्या सुमारास पहिल्या बायका आल्या आणि पेला तोंडाला लावताच एकमेकींकडे पाहू लागल्या. सरबत कडू झाले होते, थोडेथोडके नव्हे तर कडुनिंबाची आठवण यावी इतके. आणखी साखर घातल्याने ते गोड आणि कडू असे दोन्ही झाले.

सासूबाईंच्या मते दोष भांड्याचा होता, परंतु माझा गंज (पातेले) स्टीलचा आहे, त्याला कल्हईचा प्रश्नच नाही. संत्री आंबली होती म्हणावे, तर वास अगदी ताजा होता. यंदा तीस जणींसाठी पुन्हा हेच सरबत करण्याची इच्छा आहे. नेमके कोठे चुकले, ते जाणकारांनी सांगावे.

जुनाफळा (रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक)

ताई, तुमचे भांडे निर्दोष आहे आणि संत्रीही. जे घडले त्याला संत्र्याचा उशिरा येणारा कडूपणा म्हणता येईल, आणि नागपुरी संत्र्याच्या रसाचा हा स्वभाव रसाचा धंदा करणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो.

संत्र्याच्या बियांत, फोडींच्या पापुद्र्यात आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात एक पदार्थ असतो, जो फळ अखंड असेपर्यंत कडू लागत नाही. म्हणूनच फोड चावून खाताना आपल्याला कधी कडवट लागत नाही. परंतु फळ चिरडले की तो पदार्थ आंबट रसात मिसळतो आणि रसातील आम्लामुळे हळूहळू त्याचे लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होते. या क्रियेला वेळ लागतो, म्हणून दोन वाजताचा पेला गोड आणि पाच वाजताचा कडू. एका लिटर रसात सहा-सात मिलिग्रॅम लिमोनिन असले तरी बहुतेकांच्या जिभेला ते कळते, त्यामुळे थोड्या चुकीचाही परिणाम मोठा होतो.

आता तुमच्या कृतीकडे पाहू. मिक्सरच्या पात्याने बिया फुटल्या आणि पापुद्र्यांचा भुगा झाला. गाळणीने चोथा अडवला, पण त्यातून सुटलेला पदार्थ रसाबरोबर खाली उतरलाच. वर लिंबाने आम्ल वाढवले आणि चैत्रातल्या दुपारच्या उष्णतेने क्रियेला वेग दिला. कडूपणासाठी जे जे लागते, ते सर्व त्या गंजात एकत्र आले होते. या कारणासाठी रस उकळून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण उष्णतेने लिमोनिन जात नाही, उलट लवकर तयार होते.

पपनस किंवा चकोत्र्याचा कडूपणा निराळा. तो नारिंगिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा असतो आणि पहिल्या घासालाच जाणवतो. तुमच्या सरबताला तीन तास लागले, यावरूनच लिमोनिनची ओळख पटते. मोठ्या कारखान्यांत विशिष्ट राळेच्या थरांतून रस नेऊन हे द्रव्य शोषून घेतात. घरी ते शक्य नाही, त्यामुळे आपल्या हाती एवढेच आहे की तो पदार्थ रसात कमीत कमी उतरू द्यावा आणि उतरलेल्याला वेळ मिळू देऊ नये.

चिमूटभर मीठ घातलेत ते योग्यच केले. मिठामुळे जिभेला कडू चव कमी जाणवते. तुमच्या बाबतीत मात्र मिठाने झाकण्याची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती.

महालातलीकाकू

मी तर चाळीस वर्षे फोडी मिक्सरमध्येच फिरवते आणि आमच्याकडे कोणीही तोंड वाकडे केलेले नाही. अर्थात आमच्या घरी सरबत झाले की दहा मिनिटांत संपते, हेही खरे आहे.

काटोलचाबागाईतदार

काकूंचे दुसरे वाक्य हेच पहिल्याचे उत्तर आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

सरांनी रसायन सांगितले, मी फळाबद्दल थोडे सांगतो. आमच्याकडे बागेला पाण्याचा ताण देऊन बहर धरतात. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि त्याची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतात. मृगाच्या पावसावर जून-जुलैत फुलणाऱ्या बहराची फळे फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिळतात. चैत्रात तुम्हाला मिळतील ती ही मृगाची. कोणत्याही बहराचे असो, सरबतासाठी पूर्ण पिकलेलेच फळ घ्यावे, कारण हंगामाच्या सुरुवातीच्या, पुरते न पिकलेल्या फळात कडूपणा अधिक असतो आणि फळ जसजसे पिकते तसतसा तो उतरतो. केवळ रंग पाहून निवड करू नये. संत्र्याच्या सालीला केशरी रंग चढण्यासाठी रात्री थंड असाव्या लागतात, त्यामुळे सालीवर थोडी हिरवट झाक असलेले फळही आतून पिकलेले असू शकते. फळ हातात घेऊन तोलावे. आकाराच्या मानाने जड असेल तर रस आहे असे समजावे. साल फार सुटलेली व फळ पोकळ लागत असेल, तर ते सरबताच्या कामाचे नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना माझा आवाज थोडा चढेल, त्याबद्दल क्षमा असावी. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही हिवाळ्यापासून आपल्याच शहरातील हातगाड्यांवर पंजाब-राजस्थानचा किन्नू ‘संत्रा’ म्हणून सर्रास विकला जातो. किन्नू हे वाईट फळ नाही, पण त्यात बिया पुष्कळ असतात आणि त्याचा रस ठेवल्यावर कडू होण्याबद्दल प्रसिद्ध आहे. किन्नूची साल गुळगुळीत, चकचकीत आणि फळाला घट्ट चिकटलेली असते. आपल्या संत्र्याची साल सैल असते आणि देठाशी बहुधा थोडा उंचवटा असतो. गेल्या वर्षी तुमच्या तीस फळांत काही किन्नू मिसळले गेले होते का, हे आता कळण्याचा मार्ग नाही, पण यंदा कळमन्याच्या बाजारातून किंवा ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्यावीत, असे सुचवतो.

चैत्रांगण

सर्वांचे मनापासून आभार. किन्नूची शंका मलाही येते, कारण काही फळे सोलताना नखे दुखली होती, हे आता आठवते.

दोन शंका उरल्या आहेत. तीस जणींसाठी आदल्या दिवशी काहीच करून ठेवता येणार नाही का? हळदीकुंकवाच्या दिवशी डाळ वाटणे, आरास, हरभऱ्यांची ओटी या सगळ्यांत सरबतासाठी फार वेळ उरत नाही. दुसरे म्हणजे, माझी मुलगी पुण्याला असते. तिला उन्हाळाभर पुरेल असे काही बाटलीत भरून देता येईल का?

रसपाक (फळप्रक्रियेचे वर्ग घेत असे)

ताई, आदल्या दिवशी पुष्कळ काही करता येते, फक्त संत्र्याचा रस त्यात नाही.

तीस जणींना प्रत्येकी दीडशे मिलिलिटर धरले तर साडेचार लिटर सरबत लागेल. आदल्या दिवशी साडेचारशे ग्रॅम साखर तेवढ्याच पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी, गाळून गार करावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी. हा पाक तारेचा नको, साखर विरघळली की पुरे. गार पाण्यात साखर ढवळत बसण्याचा वेळ वाचतो आणि तळाशी साखर बसत नाही. वेलदोडा, हवे असल्यास केशर, याच पाकात घालावे, म्हणजे स्वाद चांगला उतरतो.

लिंबे कागदी घ्यावीत, रसाळ असली तर तेरा-चौदा पुरतील, त्यांचा सुमारे दोनशे मिलिलिटर रस हवा. कापण्यापूर्वी लिंबू हाताखाली दाबून ओट्यावर फिरवावे. पिळताना मात्र शेवटच्या थेंबासाठी साल चिरडू नये, कारण सालीतील तेल आणि पांढऱ्या भागाचा कडवटपणा त्या शेवटच्या थेंबाबरोबरच येतो. लोखंडी पिळण्याने जोर लावणाऱ्यांचे लिंबाचे सरबतही कधी कधी कडवट होते, त्याचे कारण हेच. हा रस बिया काढून, गाळून, काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये एक दिवस सहज राहतो. सासूबाईंनी कल्हईचा विषय काढला तो या सरबतापुरता गैरलागू असला तरी एरवी अगदी बरोबर आहे: लिंबाचा रस तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीही ठेवू नये.

संत्री मात्र त्या दिवशीच, पाहुण्या येण्याच्या अर्धा तास आधी पिळावीत. फळे सकाळपासून फ्रिजमध्ये गार करून ठेवावीत. सोलू नयेत, आडवी कापून काचेच्या किंवा प्लास्टिकच्या साध्या रसकाढणीवर हलक्या हाताने फिरवावीत, आणि रस प्रत्येक वेळी लगेच गाळणीतून ओतावा, म्हणजे बिया त्यात पडून राहत नाहीत. चोथा फडक्यात घालून पिळण्याचा मोह होतो, तो आवरावा. दोन लिटर रसासाठी पस्तीस ते चाळीस संत्री लागतील. मग पाक, लिंबाचा रस, संत्र्याचा रस, पाऊण चमचा मीठ आणि माठातले पाणी व बर्फ मिळून साडेचार लिटर करावे. संत्री फार गोड असतील तर पाक एकदम न ओतता चाखत घालावा.

मुलीसाठी संत्र्याच्या नादी लागू नये, लिंबाचे स्क्वॅश करावे. एक लिटर लिंबाचा रस, दोन किलो साखर आणि एक लिटर पाणी हे प्रमाण आहे. साखर-पाण्याचा पाक करून पूर्ण गार झाल्यावर रस मिसळावा. टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट एवढ्या मिश्रणाला सुमारे अडीच ग्रॅम लागते. ते थोड्या पाण्यात विरघळवून सर्वांत शेवटी घालावे, गरम पाकात घातल्यास त्याचा वायू उडून जातो. घरच्या चमच्याने अंदाज करू नये, लहान वजनकाट्यावर मोजावे. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवाव्यात आणि भरताना वर इंचभर जागा सोडावी. पिताना एका भागाला तीन भाग पाणी. हाच संरक्षक जांभूळ किंवा कोकमाला वापरू नये, त्याने त्यांचा रंग उडतो. तेथे सोडियम बेंझोएट वापरतात.

जुनाफळा

एक पुरवणी जोडतो. मुलीच्या घरी कोणाला दम्याचा त्रास असेल तर मेटाबायसल्फाइट टाळावे, काही दमेकऱ्यांना सल्फाइटने त्रास वाढतो. अशा घरासाठी लिंबाचा रस बर्फाच्या साच्यात गोठवून त्याचे खडे डबीत भरून द्यावेत. पेल्यात दोन खडे, साखर, मीठ, थोडी जिरेपूड, आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला तरी चिंता नाही.

चैत्रांगण

परवा रविवारी प्रयोग करून पाहिला. एकाच ढिगातली आठ संत्री घेतली, चार मिक्सरमध्ये फिरवली आणि चार रसकाढणीवर पिळली. दोन्हींत सारखेच लिंबू आणि सारखाच पाक घालून पेले झाकून ठेवले. तासाभराने मिक्सरच्या पेल्यात घशाशी बारीकशी कडवट छटा आली होती, आणि तीन तासांनी तो पेला मला संपवता आला नाही. पिळलेला पेला तासाभरानंतर उत्तम होता. तीन तासांनी त्यातही किंचित फरक पडला, परंतु न सांगता दिलेला यजमानांनी तो आनंदाने प्यायला. या वेळी नखे दुखली नाहीत, फळे अस्सल नागपुरी होती, तरीही मिक्सरचे कडू झालेच.

अडचण एकच आहे: चार संत्री पिळायला मला सहा मिनिटे लागली, म्हणजे चाळीस संत्र्यांना तास लागेल आणि पहिला रस तोपर्यंत जुना होईल. म्हणून शेजारून आणखी दोन रसकाढण्या मागून आणल्या आहेत. साडेचार वाजता मी, जाऊबाई आणि भाची अशा तिघी पिळायला बसणार आहोत, आणि गाळणी धरायचे काम सासूबाईंनी स्वतःहून मागून घेतले आहे.