टेंडर आणि आजोबांचा पडाव

ज्या शब्दाला अर्थ जास्त तो इंग्रजी शब्दकोड्यात जास्त छळतो, म्हणून 'सेट' सगळ्यात अवघड, असं एकाने लिहिलंय, ते मला तरी पटत नाही. 1989 च्या ऑक्सफर्ड कोशात 'सेट'चे 430 अर्थ आहेत खरे, पण म्हणूनच तो दिसला की आपण सावध होतो. फसवतो तो डोक्यात एकाच अर्थाने घट्ट बसलेला शब्द.

मला अडकवलं 'सॉफ्ट ऑफर, सहा अक्षरं' या सूचक वाक्याने. उत्तर होतं टेंडर (tender). आमच्या रत्नागिरीत टेंडर म्हणजे रस्त्याचं नाहीतर धक्क्याचं. त्यात मऊ काही असेल हे सुचायला संध्याकाळ झाली (आणि शहाळ्याच्या गाडीवर 'टेंडर कोकोनट' रोज वाचतो!). कोश उघडला तर हा एक शब्द नाहीच, स्पेलिंग तेवढं सारखं. कोवळा तो वेगळा, देऊ करणं ते वेगळं, आणि तिसरा 'अटेंड'मधून आलेला, मोठ्या जहाजाच्या दिमतीची लहान होडी. पूर्वी मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि आजोबा पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिच्यापर्यंत जायचे. तो पडाव म्हणजे टेंडरच की! मऊ मात्र अजिबात नव्हता, चढताना धोतर गुडघ्यापर्यंत भिजायचं म्हणे.