जुनी गाणी मिळतात हो, निवेदक कुठून आणायचा?

दहिवडीकर: काल रिक्षात एफएमवर जुनं गाणं लागलं होतं. शेवटचं कडवं संपतंय न संपतंय तोच निवेदक मध्येच किंचाळला आणि थेट सोन्याच्या दुकानाची जाहिरात! गाणं लिहिलं कोणी, चाल कोणाची, काही पत्ता नाही.
आमच्याकडे बुधवारी रात्री आठच्या आत जेवणं उरकलेली असायची, कारण रेडिओ सिलोनवर (कोलंबोचं केंद्र) हिंदी सिनेगीतांची 'बिनाका गीतमाला' लागायची. रेडिओची तार खिडकीतून पेरूच्या झाडावर टाकलेली. सिलोनचा आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. ऐन मोक्याला गेला की वडील तार हलवायला अंगणात पळायचे. निवेदक अमीन सायानी 'बहनो और भाइयो' म्हणाले की आजी पदर सावरून बसायची. तिला हिंदी ओ की ठो कळत नव्हतं. आजच्या एकाही आरजेसाठी कोणी पदर सावरेल का?

उलटतपासणी: काका, आजी आवडल्या. पण 'बिनाका गीतमाला' म्हणजे टूथपेस्टची जाहिरातच होती की! पुढे पेस्टचं नाव बदललं तसं कार्यक्रमाचंही 'सिबाका' झालं. आणि १९५२ साली लोक कोलंबोकडे वळले कारण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं होतं. गावात एकच हॉटेल असलं की तिथली मिसळ जगात भारीच लागते. शिवाय ती फर्माइशींची यादी! झुमरीतिलैयाहून (आताच्या झारखंडातलं गाव) अमुक, तमुक आणि त्यांचे सगळे मित्र... तेवढ्यात एक गाणं वाजवून झालं असतं.

दहिवडीकर: जाहिरात होती, नाकारतोय कोण? पण ती गाण्याच्या अंगावर चढत नव्हती. सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे, टेप कोलंबोला जायची. म्हणजे समोर चिटपाखरू नाही, तरी बोलणं असं की समोरच्या खाटेवर बसलेत. 'पायदान' (यादीतली गाण्याची पायरी) हा शब्द मी त्यांच्याकडून शिकलो. आणि यादीचं म्हणाल तर आमच्या गल्लीतल्या एकाचं नाव एकदा लागलं होतं, महिनाभर चहाचे पैसे त्याने दिले नाहीत.

सुईदोरा: मी ब्लाउज शिवते, दिवसभर रेडिओ चालू. तुम्ही दोघंही विविध भारती गेल्यासारखं बोलताय! ३ ऑक्टोबर १९५७ पासून आहे, अजून आहे. गीतकाराचं नावही सांगतात. सिलोनवर सकाळी आठच्या आधी सैगलचं गाणं लागायचं, त्यावर आमच्या आईचा डबा भरून व्हायचा, ते मलाही आठवतं. पण काका, सगळे आरजे एका मापाने कापू नका. रात्री काज-बटणं करत बसते तेव्हा एक मुलगी एफएमवर बोलते, चुकते, स्वतःवर हसते. मला सोबत होते. सायानींची हिंदी ऐकून मला उगाच ताठ बसावंसं वाटायचं.

उलटतपासणी: ताई, नेमकं बोललात. कानात बसलेला पहिला आवाज तोच खरा. माझ्यासाठी तो एफएमचा आहे, बडबडीसकट. तरी एक मान्य: शेवटच्या कडव्यावर बोलणं हा गुन्हाच.

दहिवडीकर: चला, फाशी नको, दंड करू. ताई, त्या मुलीचा कार्यक्रम किती वाजता असतो?

सुईदोरा: साडेदहाला. पण पदर सावरायची सक्ती नाही.