राजपुरी खाडी कायाकने पार करायची आहे: वेळ कोणती धरावी, आणि उलटलो तर?

नवखा वल्हेकरी
नमस्कार मंडळी. दोघांची सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) कायाक आहे, बारा फुटी, प्लास्टिकची. धरणाच्या पाण्यात हात बसलाय, खाडीत पहिल्यांदाच उतरणार. जानेवारीत आगरदांड्याहून दिघीच्या बाजूला जायचं, थोडं आत खारफुटीकडे फिरायचं आणि परत. सकाळी १० ला निघून ३ पर्यंत येऊ म्हणतोय. दोघांनाही पोहता येतं. मोठ्या तलावांवरच्या परदेशी लेखांत ड्रायसूट (पाणी आत न शिरणारा अंगभर पोशाख) घालायला सांगतात, तो लागेल का? आणि मधोमध उलटलो तर परत चढायचं कसं?

मतलई
ड्रायसूट विसरा. लेक सुपीरियरसारख्या तळ्यात थंड पाण्यानेच माणूस जातो, म्हणून तिकडे तो हवा. आपल्याकडे जानेवारीतही पाणी २५ अंशांच्या आसपास असतं. इथे घात करतात वारा आणि पाण्याची ओढ, आणि तुमची १० ते ३ ही वेळ दोन्हींच्या तोंडी देणारी आहे.

हिवाळ्यात पहाटे मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. नऊ-दहाला तो पडतो. अकरा-बाराच्या सुमारास वायव्येचा खारा वारा धरतो आणि दोन ते चार ऐन जोरात असतो. त्याच वेळी ओहोटी लागलेली असली तर पाणी बाहेर जातंय आणि वारा आत येतोय, मग आखूड, उभ्या लाटा उठतात. लाटांच्या टोकांवर पांढरा फेस दिसला की तुमच्या बोटीने उतरायचंच नाही.

पण ते निदान डोळ्यांना दिसतं. फसवते ती सकाळची ओहोटी. मतलई आणि ओहोटी दोन्ही एकाच दिशेला, जंजिऱ्याकडे नि पुढे उघड्या समुद्राकडे, आणि पाणी आरशासारखं सपाट. दोघांनी मिळून तुम्ही ताशी ४-५ किलोमीटर वल्हवाल. ओढ २ नॉट धरली तर ती ताशी ३.७ किलोमीटर. पलीकडे पोचायला अर्धा तास लागला तर तेवढ्यात जवळजवळ दोन किलोमीटर खाली गेलेले असाल, आणि समोरचा किनारा तर जवळ येताना दिसत असतो.

म्हणून आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला ८ × ३/४ = ६, म्हणजे भरती सहाला आणि सकाळभर ओहोटी. तो दिवस सोडा. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी भरती चढत असते, पण उधाणामुळे ओढ जास्त. तुमच्यासाठी द्वादशी चांगली: १२ × ३/४ = ९. सव्वासातला उजाडलं की निघा, भरतीबरोबर आत जा, नऊच्या सुमारास पाणी थांबेल तेव्हा खाडी पार करा आणि ओहोटीच्या पहिल्या तासात परत. साडेदहाला बोट किनाऱ्यावर हवी. पक्की वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या, आणि खाडीत आत पाणी थोडं उशिरा फिरतं हे धरा.

ओढ सगळा वेळ सारखी नसते. भरती किंवा ओहोटीच्या सहा तासांत पाणी एकूण जेवढं चढतं-उतरतं त्याचे बारा भाग धरले, तर तासागणिक अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं-उतरतं. मधले दोन तास सर्वांत वाईट. पार करताना समोरच्या दोन खुणा, पुढे एखादं झाड आणि मागे डोंगराचं टोक, एका रेषेत धरा. रेष मोडली की वाहताय. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, ओढ जिकडून येते त्या बाजूला वळवून रेष पुन्हा जुळवा.

खाजणवाला
चढण्याबद्दल. आधी कंबरभर पाण्यात सराव करा, डोळे मिटून जमेपर्यंत. उलटलात की पहिला हात बोटीला, दुसरा वल्ह्याला. रिकामी कायाक वाऱ्याने तुमच्या पोहण्यापेक्षा वेगात पळते. दोघंही एकाच बाजूला या, पालथ्या बोटीवरून हात पलीकडे टाकून लांबची कड किंवा पट्टा धरा, गुडघे जवळच्या कडेवर टेकवा आणि मागे झुका, ती सुलटी होते. मग एकाने पलीकडून कड दाबून धरायची, दुसऱ्याने पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून, जोरात लाथा मारत पोटावर आडवं चढायचं, कुशीवरून वळून बसायचं, आणि शेवटी पाय आत. सरळ उभं राहून चढायला गेलात की बोट परत अंगावर. वर चढलेल्याने मग विरुद्ध बाजूला भार देऊन दुसऱ्याला घ्यायचं.

बोट वारंवार कलंडत असेल तर पोकळीत पाणी शिरलंय. मागचं बूच सैल असतं किंवा तळाच्या भोकांच्या कडेला चीर असते. निघण्यापूर्वी दोन्ही तपासा.

लाइफ जॅकेट भाड्याचं, नाड्यांचं नको. घालून खांद्यांना धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर सरकता कामा नये. शिट्टी त्यालाच बांधा, बोटीला नाही. एक जादा वल्हं, माणशी दोन लिटर पाणी, फोन जलरोधक पिशवीत. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ आधीच साठवून ठेवा.

डोलकाठी
वर दोन गोष्टी राहिल्या. खाडीत डोल जाळ्यांचे (प्रवाहात पिशवीसारखी बांधून ठेवलेली जाळी) खुंट असतात. ओहोटीत त्यांच्या वरच्या अंगाने, म्हणजे पाणी जिकडून येतं त्या बाजूने, जाऊ नका, पाणी बोट आडवी करून खुंटावर चढवतं आणि माणूस जाळ्यात. नेहमी खालच्या अंगाने. फेरीबोटीच्या पुढून कधीच नाही, मागून जा, आणि तिची लाट नाळेवर घ्या, कुशीवर नको. दिघीला येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या नाळेखाली काय आहे ते त्यांना दिसतही नाही.

खारफुटीत ओहोटीला अडकलात तर चिखलात उतरू नका, मांडीपर्यंत जाल. बोटीतच बसून पाणी चढायची वाट बघा. पायात जाड तळाचे बूट हवेतच, खडकांवरची कालवं तळवे कापतात. निघण्याआधी बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात विचारून घ्या आणि परतायची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून जा.

नवखा वल्हेकरी
आभारी आहे. द्वादशी पक्की. आमच्यात वीस किलोंचा फरक आहे, जड माणूस पुढे की मागे?

मतलई
मागे. पण नाळ फार उचलली तर वारा तीच धरून बोट फिरवतो, म्हणून पाण्याच्या बाटल्या पुढच्या माणसाच्या पायाशी बांधा.